दोन तपासण्या शिल्लक

कमलाकरराव बाभुळगावच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या सेवापुस्तकात तीनशे दिवसांची अर्जित रजा जमा होती. तीनशेच्या वर ती साठतच नाही, नाहीतर या गृहस्थांनी पाचशेही साठवली असती. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी त्याचा खास उल्लेख केला. पहिल्या रांगेत बसलेल्या रजनीताईंनी टाळ्या वाजवल्या आणि घरी आल्यावर सांगितलं, की यातले चार दिवस मी मागितले होते, चिखलदऱ्याला जायला, अनिमेष तेव्हा तिसरीत होता. हसत सांगितलं, म्हणून कमलाकररावही हसले.

सरकारी नोकराला रजेतला फरक बरोबर कळतो. किरकोळ रजा डिसेंबर संपला की बुडते. अर्जित रजा बुडत नाही, पुढच्या वर्षात जाते. चौतीस वर्षं कागद चाळून कमलाकररावांनी जगाबद्दल जे काही शिकून घेतलं, त्यात हे एक पक्कं होतं, की आपण जे वापरत नाही ते आपल्या नावावर वाढत राहतं. माणूस भला. कोणाचं काम अडवलं नाही, चहासुद्धा स्वतःच्या पैशानं प्यायला, आणि खोटी नोंद तर उभ्या जन्मात केली नाही. रोज संध्याकाळी डायरी लिहायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. दूध किती आलं, लाइन किती वाजता गेली, कोण येऊन गेलं, सगळं त्या डायरीत.

घरातलं बोलणं मात्र सगळं रजनीताईंच्या खात्यात होतं. सकाळी चहाबरोबर त्या पेपर मोठ्यानं वाचायच्या, मधे मधे स्वतःचं मत घालायच्या. त्यामुळे कमलाकररावांना बातमी कुठली आणि बायको कुठली, हे बऱ्याचदा कळायचं नाही. संध्याकाळी फुलसावंगीच्या बहिणीला फोन. तो पाऊण तास चालायचा. कमलाकरराव घड्याळाकडे बघून खाकरायचे आणि त्या हातानंच गप्प बसा म्हणायच्या. या घरात शांतता फक्त त्या झोपल्यावर असायची, आणि खरं सांगायचं तर तेव्हा कमलाकररावांना करमायचं नाही.

अनिमेष पुण्याला कंपनीत. गेल्या वर्षी त्याच्या कंपनीनं आईवडिलांसाठी विमा काढला आणि त्यात दातांचाही भाग घातला. अठ्ठावीस पानी कागद आला तेव्हा कमलाकररावांचा चेहरा उजळला. किती दिवसांनी वाचण्याजोगं काही हाती आलं होतं. चार दिवस ते लाल पेन घेऊन बसले आणि पाचव्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे तीन आडव्या रेघा ओढून बायकोला समजावून सांगितलं. पहिला स्तर, तपासणी आणि सफाई. वर्षातून दोन तपासण्या, पहिल्या दिवसापासून, पूर्ण फुकट. दुसरा स्तर, दात भरणं आणि काढणं. तो सहा महिन्यांनी उघडतो आणि थोडा खर्च आपला. तिसरा स्तर मोठ्या कामाचा, टोपी, पूल, कवळी. तो उघडायला पुरं वर्ष थांबायचं, पुढच्या एक एप्रिलपर्यंत. शिवाय पान नऊवर एक सुरेख कलम होतं. ज्या वर्षी दावा केला नाही, त्या वर्षाचा बोनस पुढच्या वर्षी जमा होतो. त्या कलमाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. म्हणजे ही अर्जित रजाच म्हणायची, ते म्हणाले.

"समजलं?" त्यांनी विचारलं.

"समजलं," रजनीताई म्हणाल्या. त्यांचं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे होतं.

आठ दिवसांनी हनुमान जयंतीच्या पंगतीत गोवरीवर भाजलेला जाड कणकेचा रोडगा चावताना रजनीताईंची डावीकडची खालची दाढ तुटली. रोडगा चांगला भाजला गेला होता, दाढ जुनी होती, दोष कोणाचा म्हणायचा. अर्धी दाढ त्यांच्या हातात आली आणि अर्धी आत राहिली, टोकदार. त्यांनी तो तुकडा कमलाकररावांना दाखवला आणि वांग्याच्या भाजीत बुडवून मऊ केलेला रोडगा उजव्या बाजूनं खाऊन संपवला. घरी आल्यावर कमलाकररावांनी डायरीत लिहिलं: रजनीची दाढ तुटली, डावी, खालची.

पैसा नव्हता असं अजिबात नाही. पेन्शन वेळेवर येत होती, मुलगा विचारत होता. यवतमाळला दातांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत आणि बाभुळगावाहून यवतमाळ काही लांब नाही. पण कमलाकररावांना ते पटेना. तुटलेली दाढ म्हणजे टोपी बसवायची नाहीतर काढून पूल घालायचा, म्हणजे तिसरा स्तर. हक्काची गोष्ट नियमानं मिळत असताना घाई करून ती बुडवायची, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. मग निदान फुकटची तपासणी तरी करून घ्या, असं रजनीताई एकदा म्हणाल्या. त्यावर त्यांनी सांगितलं, की तपासणी घेतली की दावा लागला, दावा लागला की बोनस गेला. न घेतलेल्या दोन तपासण्या आपल्या नावावर शिल्लक राहतील आणि पुढच्या वर्षी कवळीच्या कामाला उपयोगी पडतील. त्या शिल्लक शब्दावर त्यांनी असा जोर दिला की रजनीताई भांडी आवरायला उठल्या.

जूनमध्ये दाढेचं टोक जिभेला घासू लागलं. पोळ्याच्या दिवशी त्यांनी वडा तोंडात घातला आणि तिखट इतकं झोंबलं की ताटावरून उठून मोरीत गेल्या. आरशात पाहिलं तर जिभेच्या कडेला पांढरट चट्टा होता, मसुराच्या डाळीएवढा. तुळशीचा रस लावला, हळद लावली, तूप लावलं. चट्टा काही जाईना. कमलाकररावांनी टॉर्च धरून पाहिलं आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून दिल्या. त्यांना काळजी वाटली नाही असं कोण म्हणेल? त्या महिन्यात त्यांनी तीन वेळा स्वतः वरण-भात लावला. पण काळजीला त्यांच्याकडे एकच जागा होती, आणि ती पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवर एक एप्रिलच्या चौकोनात होती. ते कॅलेंडर हाती येताच तिथं त्यांनी लाल गोल केला.

ऑक्टोबरात दुसरा स्तर उघडला. आता ती दाढ निदान काढून तरी टाका, रजनीताई म्हणाल्या. कमलाकररावांनी पान तेरा उघडून दाखवलं. तिसरा स्तर सुरू होण्याआधीच जो दात तोंडात नाही, त्या जागी नवा दात बसवण्याचा खर्च मिळणार नाही, असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे आता दाढ काढली तर ती जागा जन्मभराची आपल्या खर्चात गेली. हे कलम त्यांनी बरोबर वाचलं होतं, हेच तर वाईट. रजनीताईंनी चष्मा लावून ते कलम पाहिलं, इंग्रजी होतं, परत दिलं.

दिवाळीला अनिमेष आला. आई चिवडा खात नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, दाढ आहे रे, एप्रिलमध्ये करून राह्यलो. तपासणी फुकट आहे बाबा, घेऊन टाका, असं तो वडिलांना म्हणाला. वडिलांनी कागद आणला, पान नऊ दाखवलं, पान तेरा दाखवलं. अनिमेषला तिसऱ्या दिवशी परत जायचं होतं आणि बाबांशी नियमांवर वाद घालून आजवर कोणी जिंकलं नव्हतं. तुम्हाला जास्त कळतं, म्हणून त्यानं कागद घडी घालून परत दिला.

खरं काही पाहिलं ते पंचफुलानं. ती अकरा वर्षं या घरी धुणंभांडी करायची. तिला विमा नव्हता की स्तर नव्हता. जानेवारीत शाळेत दातांचं मोफत शिबिर होतं आणि तिला तिची किडकी दाढ काढून घ्यायची होती. आदल्या दिवशी ती भांडी घासता घासता थांबली.

"काकू, तुमी बोलता बोलता थुका गिळून राह्यल्या," ती म्हणाली. "तोंड दाखवा बरं." तिनं पाहिलं आणि हात पदराला पुसले. "हे बरं नाही दिसून राह्यलं. उद्या चला माह्यासंग."

रजनीताई तयार झाल्या होत्या. सकाळी चांगलं लुगडंही नेसल्या. कमलाकररावांनी त्यांना ओट्यावर थांबवलं. शिबिरात नाव लिहितील, दुखणं लिहितील, तारीख लिहितील, त्यांनी समजावलं. तो कागद उद्या विमावाल्यांच्या हाती लागला तर म्हणतील हे जुनं दुखणं आहे. एवढे नऊ महिने काढले, आता अडीच राहिले. चौतीस वर्षं कागदात काढलेल्या माणसाला कागदाची भीती बरोबर ठाऊक असते. रजनीताई आत गेल्या आणि लुगडं बदललं. पंचफुला एकटीच शिबिराला गेली आणि गालात कापसाचा बोळा धरून भांड्यांना आली. त्या दिवशीच्या डायरीत आहे: शिबिराला जाऊ दिलं नाही.

फेब्रुवारीत डावा कान दुखू लागला. गिळताना त्रास व्हायचा. गळ्याखाली बोराएवढी गाठ हाताला लागली. पेपर वाचणं बंद झालं. आज तुम्हीच वाचा, असं एक दिवस त्या म्हणाल्या आणि कमलाकररावांनी चार ओळी वाचून पेपर खाली ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते घाबरले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं दोघं यवतमाळला गेले.

दवाखान्याच्या काउंटरवर निकिता नावाची मुलगी होती. तिनं विम्याचा नंबर कॉम्प्युटरवर घातला आणि म्हणाली, काका, तुमच्या दोन तपासण्या होत्या, एकही घेतली नाही? कमलाकरराव म्हणाले, शिल्लक आहेत, पुढच्या वर्षी जमा होतील. ती गोंधळली. तिनं कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि बोटानं दाखवलं. बोनस होता तो दवाखान्यात भरती होण्याच्या भागाला. दातांचा भाग त्यात नव्हता. वापरलं नाही तर एकतीस मार्चला बुडतं.

"मग ही किरकोळ रजा झाली," कमलाकरराव म्हणाले.

निकिताला ते काही कळलं नाही. तिनं रजनीताईंचं नाव पुकारलं.

आत डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून पाहिलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. हातमोज्याचं बोट त्या तुटक्या दाढेच्या टोकावरून फिरवलं आणि हात बाहेर काढला. पूल, टोपी, कवळी, यातला एक शब्दही त्या बोलल्या नाहीत. रजनीताईंना बाहेर बसवून त्यांनी कमलाकररावांना सांगितलं की उद्याच्या उद्या नागपूरला जा. हे टोक तेव्हा घासून गुळगुळीत केलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं, असंही त्या म्हणाल्या. मग त्यांनाच वाटलं असावं की म्हातारा उभा राहू शकणार नाही, म्हणून पुढे जोडलं, की त्या टोकामुळेच झालं असं ठाम सांगता येत नाही. पण तपासणीत चट्टा तेव्हाच दिसला असता. तीन आठवड्यांत न भरणारी जखम दाखवायला हवी होती. कमलाकररावांनी विचारलं की हे तपासणीत येतं का, पहिल्या स्तरात. त्या हो म्हणाल्या.

नागपूरला तुकडा काढला, अहवाल आला, अनिमेष रजा टाकून आला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात रजनीताईंना ऑपरेशनसाठी भरती केलं. जिभेचा अर्ध्याहून जास्त भाग आणि जबड्याचं थोडं हाड जाणार होतं. अनिमेष खाली कागदपत्रं करत होता. वर वॉर्डात एक तरुण डॉक्टर फॉर्म घेऊन आला आणि पलंगाच्या कडेला बसून त्यानं विचारायला सुरुवात केली. जखम कधीपासून?

कमलाकररावांनी पिशवीतून डायरी काढली. का काढली ते त्यांनाही सांगता आलं नसतं, तारीख विचारली की ते डायरीच काढत. त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. तेरा एप्रिल, दाढ तुटली. एकोणीस जून, टोक जिभेला घासते. पोळा, पांढरा चट्टा. चार ऑक्टोबर, दाढ काढायची नाही असं ठरलं. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला, पण सवयीनं ते थांबले नाहीत. नऊ जानेवारीला शिबिर होतं, तिथं मात्र ते अडकले. पुढची ओळ त्यांच्याच अक्षरात होती आणि ती वाचता येईना.

डॉक्टर पोरगाच होता, रागीट नव्हता. त्यानं पेन वर उचलून सरळ विचारलं की पोळ्यापासून दिसत होतं, तर मग इतके महिने आणलं का नाही.

कमलाकररावांनी तोंड उघडलं. ते काही बोलण्याआधी रजनीताईंनी हात वर केला. त्यांना बोलताना आता फार दुखायचं. दोन दिवस त्या खुणांवरच होत्या. त्या उशीवरून जरा उठल्या, लाळ गिळली आणि एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाल्या, "मीच नाही आली. हे रोज म्हणत होते चाल म्हणून. मले सुईचा भेव लागते."

डॉक्टरनं ते लिहून घेतलं. कमलाकररावांना ती ओळ उलटी दिसत होती तरी वाचता आली, कारकुनाला उलटं वाचता येतं. रुग्ण स्वतः उपचारास तयार नव्हती. चौतीस वर्षांत त्यांनी एक खोटी नोंद होऊ दिली नव्हती, दुसऱ्यानं केलेलीसुद्धा खोडून शेजारी सही करायला लावली होती. आता ते फक्त एवढं म्हणू शकले असते, की हे चुकीचं आहे, लिहा नवऱ्यानं थांबवलं. त्यांनी डायरी मिटली आणि पिशवीत घातली. डॉक्टरनं सही केली आणि तो पुढच्या पलंगाकडे गेला. बायांचा वॉर्ड असल्यामुळे नर्सनं त्यांनाही बाहेर जायला सांगितलं.

सकाळी रजनीताईंना नेलं तेव्हा तोंडावर मास्क होता. त्यांनी कमलाकररावांच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं. रात्री वॉर्डातल्या बायांशी त्या काही बोलल्या असतील तर असोत. नवऱ्याच्या वाट्याला आलेलं त्यांचं शेवटचं धड वाक्य तेच होतं. अख्ख्या जन्माचं बोलणं त्या बाईनं केलं आणि त्यातलं शेवटचं त्याला वाचवण्यात घातलं.

एक एप्रिलला ती दोघं बाभुळगावला परत आली होती. सकाळी कमलाकररावांच्या फोनवर संदेश आला, की आपल्या दंतविम्याचा तिसरा स्तर आजपासून लागू झाला आहे, अभिनंदन. रजनीताईंच्या नाकात नळी होती. कवळी बसवायला डावीकडे जबडाच धड राहिला नव्हता. कमलाकररावांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि गादीखाली सरकवलं. पंचफुला पातळ पेज गाळत होती, तिनं पाहिलं आणि ती पुन्हा गाळणीकडे वळली.

संध्याकाळी फुलसावंगीहून फोन येतो. कमलाकरराव तो रजनीताईंच्या कानाला धरून बसतात. बहीण बोलते, रडते, पुन्हा बोलते, आणि या ऐकतात. पहिल्यांदा फोन दहा मिनिटांत संपला तेव्हा कमलाकररावांनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांना भडभडून आलं. डायरी त्यांनी नागपूरहून आल्यापासून उघडलेली नाही.

आता त्या थोडं बोलतात. डॉक्टर म्हणतात सरावानं सुधारेल. पाणी, बस, औषध, एवढं कळतं. बाकीसाठी उशाशी वही आणि पेन आहे. दूध वाढवा, अनिमेषला फोन करा, असं त्या त्यात लिहितात. अक्षर अजून वळणदार आहे.

एका दुपारी पंचफुला गेल्यावर कमलाकररावांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. महिनाभर त्यांनी मनात धरलेलं त्या दिवशी बाहेर आलं.

"तू तसं काहून सांगितलं त्या डॉक्टरले?"

रजनीताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या बोलल्या. चार-पाच शब्द असतील, लांबले, एकमेकांत मिसळले, ओघळले. कमलाकररावांना उमगले नाहीत. त्यांनी वही पुढे केली. रजनीताईंनी ती हातानं बाजूला सारली आणि पुन्हा तेच सांगितलं. ते वाकले, कान जवळ नेला. तिसऱ्यांदा तिनं एकेक शब्द तोडून सांगितला, हनुवटीवरची लाळ पुसायलाही थांबली नाही, कपाळावर घाम आला. सांगून झाल्यावर ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

अठ्ठावीस पानं ज्यांनी लाल पेनानं वाचून काढली होती, त्यांना तिच्या बोलण्यातला एक शब्द कळला नाही. चौथ्यांदा विचारायची हिंमत त्यांच्यात नव्हती, आणि तिच्यात सांगायची ताकद नव्हती. त्यांनी रुमालानं तिची हनुवटी पुसली आणि मान हलवली.

"समजलं," ते म्हणाले.